आत्याची उजवी बाजू

त्या बंदरावर त्यांना सगळे 'डावे' म्हणायचे. आडनाव नव्हे हो, पडलेलं नाव. सत्तावीस वर्षं हा माणूस समुद्रात जाऊन डॉल्फिन आणि ऑर्का, म्हणजे काळे-पांढरे शिकारी देवमासे, यांचे फोटो काढत होता, आणि तेही फक्त डाव्या बाजूने. होडीत उभे राहिले की एकच धोशा: "डावीकडून घे! अरे, तिच्या डाव्या अंगाला घे, डाव्या!" होडी चालवायला त्यांचा मेहुणा असायचा, बायकोचा धाकटा भाऊ. तो वैतागून विचारायचा, "भावोजी, उजव्या बाजूनं तुमचं काय घोडं मारलंय?"

पुतणीच्या लग्नात फोटो काढायचं काम हौसेनं अंगावर घेतलं आणि काय केलं माहीत आहे? अख्खा आल्बम डावीकडून. नवऱ्यामुलाला उजवा कान आहे की नाही, याचा त्या आल्बममध्ये पुरावाच नाही. पुतणीच्या सासूबाई त्यावरून पुढची दोन वर्षं बोलत होत्या. डाव्यांना काही त्याचं वाईट वाटलं नाही. "कान कशाला हवा? माणूस ओळखू येतोय ना?" म्हणाले.

आता याला वेड म्हणावं, तर तसंही नाही. ऑर्का ओळखायची ती पाठीवरच्या परावरून. कुणाच्या पराला खाच असते, कुणाचा शेंडा मोडलेला असतो, आणि पराच्या मागे एक राखाडी डाग असतो, खोगीर टाकल्यासारखा. डावे ज्या ऑर्का-मोजणी केंद्रासाठी फोटो काढायचे, तिथली माणसं त्याला खोगीरच म्हणतात. प्रत्येकीचं खोगीर वेगळं, हे ठीक. पण मेख अशी की एकाच जनावराचं डाव्या बाजूचं खोगीर वेगळं आणि उजव्या बाजूचं वेगळं. आज डावीकडून फोटो काढला, उद्या उजवीकडून काढला, की कागदावर एकीच्या दोघी होतात.

आणि तशा त्या झाल्याही होत्या. केंद्र सुरू झालं त्या पहिल्या वर्षी आठाच्या सोळा झाल्या. तेव्हाच्या साहेबांनी वर कळवून टाकलं की या पाण्यात ऑर्का दुप्पट झाल्या. साहेबांचं कौतुक झालं, हार घातले गेले. आणि आठ दिवसांनी नव्याने लागलेली एक कारकून बाई हातात फोटो घेऊन साहेबांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "साहेब, या सोळा नाहीत, आठच आहेत. मीच चुकीच्या लावल्या. आणि तुम्ही न बघता पाठवल्या." साहेबांचा चेहरा असा उतरला की विचारू नका. पण बाईंचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी त्याच दिवशी एका कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'फोटो फक्त डाव्या बाजूचा. उजवी बाजू काढू नये, लावू नये,' आणि ते भिंतीला चिकटवलं.

ती कारकून बाई म्हणजेच वहीबाई, डाव्यांची बायको. पण तेव्हा नव्हती. डावे तेव्हा गावातल्या एका स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायचे. केंद्राला होडीवर जाईल असा फोटोग्राफर हवा होता आणि स्टुडिओच्या मालकाने, हा उलट्या करून दोन दिवसांत परत येईल अशा बेताने, यांना पाठवलं. डावे परत गेले नाहीत. त्यांचे पहिले चार रोल वहीबाईंनी परत केले. "हे काय आणलंय? पाण्याचे फोटो आहेत की ऑर्काचे?" पाचव्या रोलमध्ये तीन चांगले निघाले. बाईंनी ते भिंगाखाली धरून पाहिले आणि म्हणाल्या, "बरं आहे." त्या 'बरं आहे'वर माणूस सत्तावीस वर्षं जगला, म्हटलं तरी चालेल.

केंद्र म्हणजे काही मोठी इमारत नव्हती. बंदरावर होडीची इंजिनं दुरुस्त करायचा कारखाना होता, त्याच्या माडीवर दोन खोल्या. खाली इंजिन चालू केलं की वर टेबलावरची भिंगं टणाटण वाजायची. डिझेलचा वास कपड्यांतून जायचा नाही. खिडकीशी एक उजेडाचं टेबल, वर काच आणि खाली ट्यूबलाइट. त्यावर बाई फिल्म पसरून बसायच्या. बाजूला ती वही, जाड पुठ्ठ्याची, हातभर उंचीची. प्रत्येक जनावराला एक पान. जन्म, आई, दरवर्षी दिसलं की नाही, आणि शेवटी मृत्यू. पुढे फिल्म गेली, कॉम्प्युटर आले, पण वही राहिली. बाई म्हणायच्या, "मशीनला विसरायला सांगितलं की मशीन विसरतं. वहीला सांगून बघा."

त्या वहीत चौदाव्या पानावर आत्या होती.

आत्याला स्वतःचं पिल्लू नव्हतं. बाकीच्या माद्या मासे धरायला खोल बुडी मारायच्या, तेव्हा त्यांची पिल्लं ही सांभाळत बसायची. वरच्या पाण्यात हळूहळू फिरायची आणि दोन-तीन पोरं तिच्या अंगाला चिकटलेली. वय असेल सत्तरच्या आसपास. तिचं नाव मेहुण्याने ठेवलं. वहीबाईंची आई लवकर गेली होती, आणि चौदा वर्षांनी लहान असलेल्या या भावाला त्यांनीच वाढवलं होतं. स्वतःचं मूल त्यांनाही नव्हतं. मेहुणा पहिल्यांदा आत्याला बघून म्हणाला होता, "ताई, ही तूच गं." बाई म्हणाल्या, "मी एवढी जाड आहे होय रे, मेल्या?" आणि चौदाव्या पानावर नाव लिहून टाकलं.

डाव्यांच्या सत्ताविसाव्या मोसमात बाईंच्या हृदयाने दगा दिला. पायांवर सूज आली, दोन जिने चढता येईनात, मग एक चढता येईना. डॉक्टरांनी डाव्यांना बाहेर बोलावलं आणि सांगितलं की आता महिन्यांचा हिशोब आहे. बाईंना बाहेर बोलावायची गरजच पडली नाही. त्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी एकच मागणी केली. या मोसमाची मोजणी पूर्ण करून जायचं. पलंगावर तीन उशा, मांडीवर लाकडी पाट, पाटावर लॅपटॉप, आणि उशाशी वही. डावे समुद्रावरून आले की बूट काढायच्या आधी पहिला प्रश्न: "आत्या दिसली?"

दिसली. जूनमध्ये दिसली, पुन्हा दिसली. त्या मोसमात आत्या अकरा वेळा भेटली. डाव्यांना तर वाटायचं की तीच मुद्दाम येते. डॉल्फिनचा भरवसा नसतो. शाळा सुटलेल्या पोरांसारखे येतात, होडीपुढे उड्या मारतात आणि कॅमेरा वर घेईपर्यंत गायब. आत्याचं तसं नाही. शांतपणे वर यायची, श्वास सोडायची, पर पुरता बाहेर, खोगीर स्वच्छ. डावे म्हणायचे, "ही पासपोर्टच्या फोटोला बसते."

चौथ्या भेटीच्या वेळी मेहुणा सुकाणूवरून म्हणाला, "भावोजी, ही उजवीकडे कलून पोहतेय बघा. जाऊ का त्या बाजूने?"

सूर्य ढगात शिरत होता. डाव्यांना तीन पिल्लांचे फोटो अजून मिळायचे होते. ते खेकसले, "उजवी बाजू काय चाटायची आहे? उजेड चाललाय. डावीकडे धर!"

मेहुण्याने डावीकडे धरली. त्याला बोलणी खाणं नवं नव्हतं. आठव्या भेटीला त्याने पुन्हा तोंड उघडलं आणि न बोलताच मिटलं, ते डाव्यांनी पाहिलं होतं. नंतर ते त्यांना वारंवार आठवायचं.

घरी फोटो बघताना बाई एकदा थबकल्या. आत्याच्या डोक्यामागे, जिथे मान असायला हवी तिथे, खळगा पडल्यासारखा दिसत होता. "वाळलीय हो," बाई म्हणाल्या. "मान बसलीय तिची."

"वय झालं," डावे म्हणाले.

"हं. वय तर झालंच." बाईंनी फोटो मोठा करून पाहिला. पर चांगला, खोगीर चांगलं, कुठे ओरखडा नाही. वहीत त्यांनी लिहिलं, 'दिसली. डावी बाजू स्वच्छ. थोडी कृश.' आणि पान उलटलं. दोघांचं मिळून पन्नास वर्षांहून जास्त पाहणं झालेलं, पण दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की जनावराला दुसरी बाजूही असते. सवय फार वाईट हो. ती माणसाला आंधळं करते आणि वर शाबासकीही मिळवून देते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी एका मच्छीमाराचा फोन आला. दगडी किनाऱ्यावर एक ऑर्का लागलीय, मोठी आहे. डावे आणि मेहुणा निघाले. पाऊण तास लागला. भरती ओसरली होती आणि ती दगडांवर डाव्या कुशीवर पडलेली होती. तिची डावी बाजू दगडांखाली होती आणि उजवी आभाळाकडे. डाव्यांनी इतकी वर्षं ओळखलेली, आणि तरी ते मेहुण्याला म्हणाले, "ही कोण?" त्यांना खरंच ओळखू आली नाही.

मेहुण्याने बोट दाखवलं.

तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून एक नायलॉनचा दोर निघाला होता. बारीक, हिरवा, मासेमारीचा. तो मागे जाऊन उजव्या पुढच्या पराला, वल्ह्यासारखा असतो त्याला, तीन वेढे देऊन आवळला होता. मांस कापून हाडापर्यंत गेला होता. जखम ताजी नव्हती. कडा पांढऱ्या पडल्या होत्या, म्हणजे दोन-तीन महिने तरी झाले असतील. तोंड पुरतं उघडता येत नव्हतं तिला. उपाशी मेली ती.

आणि तुम्हाला सांगतो, हे टळण्यासारखं होतं. तिथून तीन तासांवरच्या बंदरात दोर कापणारी माणसं होती. लांब दांड्याचे सुरे घेऊन येतात, हलक्या हाताने कापतात. आदल्याच वर्षी त्यांनी दोन जनावरं सोडवली होती. एक फोन पुरला असता. जूनमध्ये पुरला असता, जुलैमध्ये पुरला असता. डावे तिच्या बाजूला अकरा वेळा जाऊन उभे राहिले होते, हातात एवढी मोठी लेन्स घेऊन.

ते खाली बसले. मग उठले आणि कॅमेरा काढला, कारण हाताला दुसरं काही येत नव्हतं. उजव्या बाजूचे एकोणीस फोटो काढले. आयुष्यातले उजव्या बाजूचे पहिले. काढताना रडत होते, आणि मेहुणा पाण्याकडे तोंड करून उभा होता.

परतताना अर्ध्या वाटेत त्यांनी होडी थांबवायला सांगितली. "ताईला दोराचं सांगायचं नाही."

"का म्हणून? तिला कळायला नको?"

"फक्त डावी बाजू, हा नियम कुणाचा आहे?"

मेहुण्याने त्यांच्याकडे पाहिलं. तो काय समजायचं ते समजला. इंजिन रिकामंच धडधडत होतं. "ताई मरतेय, भावोजी," तो एवढंच म्हणाला, आणि त्याने होडी पुन्हा सुरू केली. ते त्याचं कबूल होणं होतं.

घरी बाई उशांना टेकून बसल्या होत्या. डाव्यांना बघताच म्हणाल्या, "गेली ना?"

"गेली."

बाई थोड्या रडल्या. फार रडायला त्यांना श्वास पुरत नव्हता. मग पदराने डोळे पुसले आणि वही मांडीवर ओढली. चौदावं पान काढलं. "दोन्ही बाजू पाहिल्यात?" मेलेल्या जनावराच्या दोन्ही बाजू बघायच्या असतात, नोंदीत तसा रकानाच होता.

"पाहिल्या."

"उजवीकडे काही?"

"काही नव्हतं. म्हातारपण."

"फोटो?"

"लाटा होत्या गं. कॅमेरा काढताच आला नाही."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. डाव्यांना वाटलं, झालं, पकडला गेलो. या बाईने आठाच्या सोळा पकडल्या, माझं थोबाड पकडायला कितीसा वेळ. पण बाईंच्या नजरेत संशय नव्हता, भीती होती. त्यांनी विचारलं, "अहो, मला जुलैपासून सारखं वाटत होतं, आपल्या नजरेतून काहीतरी सुटतंय. नाही ना सुटलं?"

"नाही गं," डावे म्हणाले. "काही सुटलं नाही."

बाईंनी सुस्कारा सोडला. खांदे खाली आले. मग पेन घेतलं आणि थरथरत्या हाताने, प्रत्येक अक्षरापाशी थांबत लिहिलं: 'आत्या. मृत. वय अंदाजे सत्तर. कारण, वृद्धापकाळ. दोन्ही बाजू पाहिल्या, इजा नाही.' वही मिटून त्या म्हणाल्या, "चांगलं जगली हो बया." त्यानंतर नऊ दिवसांनी दुपारी, खिडकीतून ऊन पायांवर आलेलं असताना, बाई गेल्या. त्या शांतपणे गेल्या, असं मेहुणा सगळ्यांना सांगत होता, आणि ते खरंही होतं.

डाव्यांनी ते एकोणीस फोटोंचं कॅमेऱ्यातलं कार्ड कपाटात हिवाळी मोज्यांच्या जोडीत खुपसून ठेवलं. स्वतःची समजूत घातली की मी चांगलं केलं. मरणाऱ्या माणसाला कशाला ओझं द्यायचं? कुणालाही विचारलं असतं तर त्यानेही हेच सांगितलं असतं. पण घर रिकामं होतं, आणि रिकाम्या घरात माणूस स्वतःशी फार दिवस खोटं बोलू शकत नाही. चहा दोन कप टाकायचे आणि एक ओतून द्यायचे. ओतताना आठवायचं, 'नाही ना सुटलं?'

पुढचा मोसम उजाडला. केंद्रात आता नव्या मॅडम आल्या होत्या. वयाने लहान, कामाला वाघ, बाईंना खूप मानणाऱ्या. आता एकीच्या चार होड्या होणार होत्या, किनाऱ्यावर आणखी तीन केंद्रं निघणार होती, नवे फोटोग्राफर भरले होते. त्यांच्यासाठी मॅडमनी एक पुस्तिका केली होती, आणि छापायला जायच्या आधी मोठ्या कौतुकाने डाव्यांना बोलावून दाखवली. "काका, बघा ना. पहिलं पान बाईंचं आहे."

पहिल्या पानावर बाईंचा फोटो, भिंगावर वाकलेल्या. खाली त्यांचा नियम, भिंतीवरच्या कार्डावर होता तसाच. आणि त्याच्या खाली चौदाव्या पानावरची शेवटची नोंद, बाईंच्याच थरथरत्या अक्षरात छापलेली. त्याखाली मॅडमनी लिहिलं होतं: 'अखेरीस दोन्ही बाजू तपासल्या गेल्या. डाव्या बाजूने सांगितलं नाही असं काहीही उजव्या बाजूला नव्हतं. डावी बाजू पुरेशी आहे.'

डाव्यांनी ते दोनदा वाचलं. पुस्तिका खाली ठेवली आणि टेबलाची कड धरून उभे राहिले. मॅडमना वाटलं, बाईंच्या आठवणीने. त्यांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं.

"किती छापणार?"

"सगळ्या केंद्रांना जाणार, काका. बाईंचं नाव राहील."

ते खाली कारखान्यात उतरले. मेहुणा होडीचा पंखा साफ करत होता. डाव्यांनी त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मी वर जाऊन खरं सांगतो."

मेहुण्याने हातातलं फडकं फेकलं. "आता? आता तुम्हाला खरं आठवलं? मेलेल्या बाईच्या तोंडाला काळं फासायला निघालात?"

"तिच्या नाही. माझ्या."

"नियम तिचा होता, तुम्हीच म्हणालात ना होडीत? लोक काय म्हणतील? वहीबाईच्या नियमाने आत्या मारली, हेच म्हणतील. मी त्या दिवशी गप्प बसलो ते कुणासाठी? तुमच्यासाठी? तुम्ही गुपचूप उजवीकडून जात जा, मी नेतो. पण वहीला हात लावायचा नाही."

"आपण एक होडी नेऊ रे. बाकीच्या तीन?"

"बाकीच्या गेल्या खड्ड्यात!" मेहुणा ओरडला. कारखान्यातली माणसं बघायला लागली. त्याचा आवाज एकदम खाली आला. "मला तिनं जेवू घातलंय, भावोजी. मला तिनं शाळेत नेलंय हाताला धरून. त्या वहीतली शेवटची ओळ तिची आहे. तेवढी तरी राहू द्या."

डाव्यांना त्याचा राग आला नाही. तोच प्रश्न तेही स्वतःला वर्षभर विचारत होते. त्या घरात बाईंच्या हाताचं दुसरं काय उरलं होतं? वाण्याच्या याद्या, औषधांच्या वेळा. शेवटची खरी ओळ तीच. ते तसेच घरी गेले. दोन दिवस केंद्राकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोज्यातून कार्ड काढलं, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि माडीचा जिना चढले. मेहुणा खालून बघत होता. त्याने काम टाकलं आणि त्यांच्या मागोमाग वर आला.

डाव्यांनी मॅडमच्या टेबलावर कार्ड ठेवलं. "हे आत्याचे फोटो. उजव्या बाजूचे. पुस्तिका थांबवा."

मॅडमनी फोटो उघडले. पहिला पाहिला, दुसरा पाहिला. त्यांचा हात तोंडाशी गेला. "पण काका, बाईंनी तर लिहिलंय..."

"तिला मी सांगितलं ते तिनं लिहिलं. मी खोटं सांगितलं."

खाली कुणीतरी इंजिन चालू केलं आणि टेबलावरची भिंगं वाजू लागली.

"ताईला खरं कळलं असतं तर ती त्याच दिवशी खचून गेली असती," मेहुणा दारातून म्हणाला. तो मॅडमना सांगत होता की डाव्यांना, कळत नव्हतं. "म्हणून सांगितलं नाही. प्रेमानं सांगितलं नाही."

"मलाही तसंच वाटत होतं," डावे म्हणाले. "वर्षभर वाटत होतं. पण तू तिला ओळखत नव्हतास का रे? ती खचली नसती. ती उठून बसली असती. आधी मला शिव्या घातल्या असत्या, मग तुला. मग ते भिंतीवरचं कार्ड काढून आणायला लावलं असतं आणि म्हणाली असती, पेन द्या. सोळाच्या आठ झाल्या तेव्हा कोण गेलं होतं साहेबांच्या तोंडावर सांगायला? तिला स्वतःची चूक पचायची. मलाच तिची चूक पचली नाही." त्यांनी वहीच्या कपाटाकडे बोट केलं. "नऊ दिवस होते तिच्याकडे. तिनं स्वतः नियम बदलला असता, स्वतःच्या हाताने. ते नऊ दिवस मी तिच्याकडून काढून घेतले आणि वर तिला शांतपणे मरू दिलं म्हणून मिरवतोय."

मॅडमनी कपाटातून वही काढली आणि डाव्यांपुढे ठेवली. त्या वहीत खोडायची रीत बाईंनीच घालून दिलेली होती. रबर नाही, पांढरी शाई नाही, पान फाडणं तर नाहीच. एकच आडवी रेघ, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. मग खाली खरं काय ते, आणि सही. डाव्यांनी चौदावं पान उघडलं. ती वाकडीतिकडी अक्षरं पाहिली. दम घेत घेत लिहिलेला तो 'वृद्धापकाळ'. पट्टी लावली, पण हात हलेना. तिचं एकेक अक्षर लिहिलं जाताना त्यांनी समोर बसून पाहिलं होतं. खोटं आपलं होतं, पण खोडायचं अक्षर तिचं होतं. "माफ कर गं," ते मोठ्यांदा म्हणाले, सगळ्यांसमोर, आणि रेघ ओढली.

खाली त्यांनी लिहिलं: 'उजव्या बाजूला दोर. मोसमात अकरा भेटी, उजवीकडून एकदाही पाहिलं नाही. ही नोंद करणाऱ्या व्यक्तीला मी खोटी माहिती दिली. यापुढे फोटो दोन्ही बाजूंचे.' आणि सही केली.

मेहुणा पुढे आला. डाव्यांना वाटलं, हा आता वही हिसकावणार. त्याने वही आपल्याकडे वळवली आणि रेघेखालची ताईची ओळ बोट ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, हळूहळू, शाळेतल्या मुलासारखी.

"वाचता येतंय," तो म्हणाला.

मग त्याने डाव्यांच्या हातातून पेन घेतलं, त्यांच्या सहीखाली लिहिलं, 'किनाऱ्यावर तो दोर मीही पाहिला होता. मीही गप्प राहिलो,' आणि आपली सही केली. त्यानंतर तो खिडकीपाशी ताईच्या खुर्चीत जाऊन बसला आणि रडला. डावे त्याच्या शेजारी उभे राहिले. खालून कुणीतरी हाक मारून विचारलं, होडी आज निघणार आहे की नाही, आणि डाव्यांनी खिडकीतून हातानेच थांबायला सांगितलं.